माकडताप: रानाच्या कडेला मुरणारा आजार

थंडी सरत आली की सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, सावंतवाडी तालुक्यांत आणि पलीकडे गोव्याच्या सत्तरीत काजूच्या बागांची साफसफाई सुरू होते. पाचोळा लोटायचा, झुडपं छाटायची, वाटा मोकळ्या करायच्या. मग मेपर्यंत बिया वेचायचा हंगाम. नेमक्या याच महिन्यांत गावात कुणाला तरी एकाएकी हुडहुडी भरून ताप चढतो. कपाळ ठणकतं, कंबर आणि पोटऱ्या अशा दुखतात की उठवत नाही. चौकशी केली तर अनेकदा कळतं की थोड्या दिवसांपूर्वी बागेच्या वरच्या अंगाला एक माकड मरून पडलं होतं.

या तापाचं वैद्यकीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे केएफडी. गावात सगळे माकडतापच म्हणतात, आणि त्या नावामुळे सगळा राग माकडावर निघतो. ते बिचारं तर या आजाराने आपल्याआधी मरतं. आजार मुरतो तो रान आणि वस्ती यांच्या मधल्या विस्कटलेल्या पट्ट्यात, आणि तो पट्टा माणसाने तयार केलेला आहे. जैवविविधतेचा आपल्या तब्येतीशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर हा एक ताप नीट समजून घेतला तरी पुरे. आणि तो समजला की बागेत जाताना काय करायचं, काय टाळायचं, हेही त्यातूनच कळतं.

क्यासनूरच्या जंगलात काय झालं

१९५७ च्या मार्चमध्ये, तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली. आसपासच्या गावांतली माणसंही तापाने फणफणली. माकडं आणि माणसं एकाच वेळी मरतायत म्हटल्यावर तज्ज्ञांच्या मनात पाल चुकचुकली ती पीतज्वराची. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला तो आजार भारतात शिरला असता तर हाहाकार उडाला असता. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, रक्त आणि गोचिडी तपासून विषाणू वेगळा केला. तो पीतज्वराचा नव्हता. रशियात गोचिडींमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी त्याचं जवळचं नातं निघालं.

मग प्रश्न आला की हा इथे आला कुठून? उत्तरेकडून येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांनी आणला असेल, अशी एक शंका होती. ती टिकली नाही. जॉर्ज बॉशेल या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये वेगळी मांडणी केली, आणि आजही या आजाराचा विचार तिथूनच सुरू करावा लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: विषाणू इथलाच. जंगलातले उंदीर, चिचुंद्र्या आणि गोचिडी यांच्यात तो गुपचूप फिरत होता. वस्ती वाढली, जंगल तोडून भातशेती झाली, गुरं जंगलात चरायला जाऊ लागली. गुरांच्या रक्तावर गोचिडींची पैदास भरमसाट वाढली आणि तोवर दबून असलेला विषाणू माकडं आणि माणसांपर्यंत पोचला.

पुढची काही दशकं हा आजार शिमोगा आणि लगतच्या जिल्ह्यांपुरताच राहिला. २०१२ नंतर मात्र त्याने पश्चिम घाटात उत्तर-दक्षिण पाय पसरले. बंदीपूर, नीलगिरी, वायनाड, २०१५ मध्ये सत्तरीतलं पाली गाव, २०१६ मध्ये दोडामार्गातलं केर, आणि त्यानंतर बांदा परिसर. माणसाकडून माणसाला हा आजार होत नाही. म्हणजे कुणी रुग्णाने तो बसमधून नेला असं झालेलं नाही. प्रत्येक ठिकाणी तो तिथल्याच रानातल्या गोचिडींकडून माणसांपर्यंत आलेला आहे.

गोचिडीचं एक वर्ष

गोचीड म्हटलं की गाईच्या कानाशी फुगून बसलेला राखाडी मणी डोळ्यांसमोर येतो. माणसाला ताप देणारी ही जंगलातली गोचीड तशी दिसत नाही. हिचं शास्त्रीय नाव हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. आयुष्यात ती फक्त तीन वेळा जेवते, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या प्राण्यावर.

अंड्यातून निघते ती सहा पायांची लार्व्हा, खसखशीच्या दाण्याएवढी. ती उंदीर, चिचुंद्री, खार, जमिनीवर फिरणारे पक्षी किंवा माकड, जे हाती लागेल त्यावर चढते, काही दिवस रक्त पिते आणि गळून पडते. पाचोळ्यात कात टाकते आणि आठ पायांची निम्फ होते, आकाराने तिळाहून लहान. निम्फ दुसरं जेवण घेते. ते माकड असू शकतं, उंदीर असू शकतो, किंवा बिया वेचणारा माणूस. पुन्हा गळून पडते, पुन्हा कात, आणि मग प्रौढ गोचीड. तिला मोठं जनावर लागतं: गाय, म्हैस, गवा, सांबर. मादी तिथे पोटभर रक्त पिऊन टम्म फुगते, खाली पडते, हजारो अंडी घालते आणि मरते.

विषाणूची वाट यातच दडलेली आहे. लार्व्हाने आजारी उंदराचं किंवा माकडाचं रक्त प्यालं की विषाणू तिच्या अंगात शिरतो. कात टाकली तरी तो जात नाही. तीच लार्व्हा निम्फ होऊन पुढच्या प्राण्याला चावते तेव्हा तो लाळेतून त्याच्या रक्तात उतरतो. माणसाला बहुतेक वेळा चावते ती निम्फच.

आता हे वर्षाच्या चक्रावर बसवून बघा. प्रौढ गोचिडींचा हंगाम पावसाळा. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरपासून, लार्व्हा. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत निम्फ. काजूचा हंगाम, लाकूडफाटा गोळा करायचा हंगाम, भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजण्यासाठी, पाला-पाचोळा आणायचा हंगाम, सगळे निम्फच्या महिन्यांत येतात. पावसाळ्यात माणूस शेतात असतो आणि गोचीड गुरांवर असते. तेव्हा माकडतापाचे रुग्ण जवळजवळ दिसत नाहीत.

गोचिडी किती आहेत हे तपासायची पद्धत अगदी साधी आहे. साधारण मीटरभर पांढरं फ्लॅनेलचं कापड काठीला बांधायचं आणि पाचोळ्यावरून, खुरट्या झुडपांवरून संथ ओढत न्यायचं. दहा-वीस पावलांवर थांबून कापड उलटायचं. पहिल्यांदा दिसतात नुसते मातीचे कण आणि काड्यांचे तुकडे. हात न लावता पाच-दहा सेकंद टक लावून बघत राहिलं की त्यातला एखादा कण चालायला लागतो. मग दुसरा. एकदा डोळ्याला सवय झाली की नुसत्या पांढऱ्या पायमोज्यावरही त्या ओळखू येतात, आणि हीच सवय बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाला लागायला हवी.

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, उंच झाडावरून अंगावर टपकत नाही. ती पाचोळ्यात किंवा गवताच्या पात्याच्या टोकाशी पुढचे दोन पाय हवेत पसरून बसते. त्या पायांत वास, ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड ओळखणारं इंद्रिय असतं. अंगाला ओझरता स्पर्श झाला की ती पकडते आणि वर वर चढत जाते, गुडघ्यामागे, जांघेत, कमरपट्ट्याखाली, काखेत, कानामागे. म्हणजे बहुतेक हल्ले पायापासून सुरू होतात. पाय झाकले तर अर्धं काम झालं.

माकड मरतं तेव्हा काय होतं? आजारी माकडाच्या रक्तात विषाणू खच्चून भरलेला असतो आणि अंगावर असंख्य लहान गोचिडी असतात. मेलेलं शरीर गार पडू लागलं की त्या उतरतात आणि नवं जनावर शोधतात. ज्या लार्व्हा पोटभर प्यालेल्या असतात त्या तिथेच पाचोळ्यात कात टाकून काही आठवड्यांनी निम्फ होऊन बाहेर पडतात, विषाणू घेऊनच. म्हणून मेलेलं माकड उचलून नेलं की धोका संपला, हा समज चुकीचा आहे. ती जागा पुढे कित्येक दिवस धोक्याची राहते.

रान विस्कटलं की काय बिघडतं

गोचिडीला सगळ्यात जास्त भीती असते कोरडं पडण्याची. तिला ओलसर पाचोळा लागतो आणि माथ्यावर सावली लागते. तेवढं भरगच्च रानातही असतं. मग भरगच्च रानात हा ताप का उसळत नाही?

एक कारण म्हणजे तिथे जेवणं विखुरलेली असतात. लार्व्हा ज्याच्यावर चढेल तो प्रत्येक प्राणी विषाणूला सारखाच मानवत नाही. काहींच्या रक्तात तो जोमाने वाढतो, काहींच्या रक्तात नावापुरता. प्राण्यांच्या जाती जितक्या जास्त, तितकी गोचिडींची बरीच जेवणं विषाणूच्या दृष्टीने वाया जातात. शिवाय साप, घुबडं, उदमांजरं, रानमांजरं उंदीर-चिचुंद्र्यांची संख्या आटोक्यात ठेवतात. रान तुकड्या-तुकड्यांत तुटलं की आधी हे शिकारी जातात, मोठे प्राणी जातात, आणि मागे उरतात ते कुठेही जगणारे उंदीर. अमेरिकेत लाइम नावाच्या गोचिडीच्या आजारात हे फार बारकाईने तपासलं गेलंय. तिथे पांढऱ्या पायांचा एक उंदीर रानाच्या छोट्या तुकड्यांत माजतो, आणि गोचिडींना जंतू मुख्यतः त्याच्याकडूनच लागतो.

इथे एक सावधगिरी. ‘जास्त जैवविविधता म्हणजे कमी आजार’ हे सूत्र सगळीकडे डोळे मिटून लावता येत नाही. माकडतापाचा विषाणू स्वतःच आपल्या जंगलाचा जुना रहिवासी आहे. तो चांगल्या रानातही असतो. खरी गोष्ट आहे ती कोण कुणाला, कुठे आणि किती वेळा भेटतं याची. कर्नाटकातल्या रुग्णांच्या नोंदी आणि जमिनीचे नकाशे एकत्र ठेवून केलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ओलं सदाहरित रान आणि लागवडी यांची सरमिसळ असलेल्या, देशी गुरांची संख्या जास्त असलेल्या भागांत धोका अधिक, असं त्यात दिसलं. थोडक्यात, कड. जितकी रानाची कड लांब आणि फाटकी, तितक्या या भेटी जास्त.

काजूची बाग ही अशीच एक कड आहे. झाडाखाली पानांचा जाड थर. वरच्या रानातून माकडं आणि वानर बोंडू, म्हणजे काजूची फळं, खायला उतरतात. गावची गुरं त्याच बागेतून चरत जातात. आणि दिवसभर वाकून, हाताने पाचोळा चाळत बिया वेचणारी माणसं. गोचिडीच्या तिन्ही जेवणांची सोय एका गुंठ्यात!

गुरांची भूमिका समजायला जरा अवघड आहे, पण ती समजल्याशिवाय पुढचं जमत नाही. गाय या विषाणूने आजारी पडत नाही, आणि तिच्या रक्तात तो इतका वाढतही नाही की गोचिडींना लागावा. पण प्रौढ मादीला अंडी घालण्याआधी जे रक्त लागतं ते तीच पुरवते. पूर्वी हे काम गवे आणि सांबरं करायची. ती संख्येने कमी आणि भटकी. गाय मात्र रोज त्याच वाटेने रानात जाते आणि त्याच वाटेने गोठ्यात येते, आणि फुगलेल्या माद्या त्याच वाटेवर गळत राहतात. त्या वाटेवर आणि तिच्या दोन्ही अंगांना पुढच्या हिवाळ्यातल्या गोचिडींची पेरणी होत असते.

दोडामार्गात डोंगरउतारावरचं रान उतरवून रबर आणि अननसाच्या लागवडी झाल्या. सावंतवाडी-दोडामार्ग हा वन्यप्राण्यांचा भ्रमणमार्ग म्हणून तिथल्या वृक्षतोडीला मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंदी घातली. या बंदीकडे वाघ-हत्तींचा विषय म्हणून बघितलं जातं. आम्हाला वाटतं, गावाच्या आरोग्याचा विषय म्हणूनही तो तितक्याच गांभीर्याने बघायला हवा, कारण तोडलेल्या प्रत्येक तुकड्यामागे रानाची कड वाढते.

एखादी जात नुसती नाहीशी झाली तरी माणसाच्या तब्येतीवर किती मोठा घाव बसू शकतो, याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण आपल्याच देशातलं आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे नव्वदच्या दशकात गिधाडं मरू लागली. औषध दिलेलं जनावर मेलं, त्याचं मांस गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. काही जातींची ९५ टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली. मढी कुजत पडली, पाण्यात घाण गेली, भटकी कुत्री वाढली, कुत्र्यांबरोबर रेबीज. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रीय अभ्यासाने २००० ते २००५ या काळात यामुळे भारतात सुमारे ५ लाख माणसं जास्तीची दगावली असा अंदाज मांडला. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. गिधाडांना न मारणारं मेलॉक्सिकॅम तोवर उपलब्ध होतंच.

बागेत जायचं तर

पहिली गोष्ट कपडे. फिक्या रंगाची पूर्ण बाह्यांची वस्त्रं, म्हणजे चढणारी गोचीड दिसते. विजारीचे पाय मोज्यांत खोचायचे, शर्ट विजारीत खोचायचा. साडी नेसून काम करणाऱ्या बायकांनी आत घट्ट पायजमा आणि मोजे घालावेत. साडीचा घेर पाचोळ्यावरून फिरतो, अगदी त्या पांढऱ्या कापडासारखा. चपला नकोत, बूट हवेत. गमबूट असतील तर उत्तम.

कपड्यांबाहेर राहिलेल्या त्वचेवर, म्हणजे हात, मनगटं, मान, घोटे यांवर गोचीड-रोधक तेल लावायचं. आरोग्य विभाग पूर्वी डीएमपी तेल द्यायचा. आता डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेलं डेपा मिळतं. बाजारातलं डीट असलेलं मलमही चालतं. डोळे, ओठ, जखमा यांना लावू नये. घामाने ते उतरतं, त्यामुळे सकाळी एकदा लावून दिवसभर निर्धास्त राहू नका; दुपारी जेवणानंतर पुन्हा लावा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

जेवायला पाचोळ्यावर बसू नका. कातळावर बसा, किंवा झाडलेल्या मोकळ्या जमिनीवर. दुपारी काजूखाली आडवं होणं म्हणजे गोचिडींना आमंत्रण.

घरी आल्यावर कपडे दाराबाहेर उतरवून गरम पाण्यात बुडवायचे. मग साबणाने चोळून आंघोळ, आणि अंग तपासायचं. पाठ, कानामागे आणि केसांची मुळं दुसऱ्याकडून बघून घ्यायची. मुलांची डोकी न चुकता.

गोचीड चिकटलेली सापडली तर बारीक टोकाचा चिमटा घ्या. तिचं तोंड कातडीत जिथे रुतलंय तिथे, कातडीला अगदी लागून, पकडा आणि सरळ वर, संथ, एकसारखं ओढा. पिळू नका. फुगलेल्या पोटाला धरून दाबलं तर तिच्या पोटातलं आणि लाळेतलं सगळं आपल्याच अंगात उतरू शकतं. रॉकेल, चुना, तंबाखू, पेटती काडी यातलं काहीही लावू नका. चिडलेली गोचीड सुटण्याआधी आणखी लाळ सोडते. जागा साबणाने धुवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला खूण करा. ती खूण पुढे डॉक्टरांना उपयोगी पडते.

पाचोळा ही खरी अडचण आहे. सगळा जाळून टाकावा असं अनेकांना वाटतं. जाळल्याने गोचिडी कायमच्या कमी होतात याला पुरेसा पुरावा नाही, आणि वणवा लागला तर रानाची कड आणखी फाटते. त्यापेक्षा ज्या वाटांवरून आणि ज्या झाडांखाली रोज काम असतं तेवढीच जागा लांब दांड्याच्या दाताळ्याने मोकळी ठेवा, आणि हे काम शक्यतो ऑक्टोबरमध्ये, निम्फ बाहेर पडायच्या आधी उरका. हे करतानाही वर सांगितलेले कपडे हवेतच, कारण पाचोळा लोटणारा माणूस सगळ्यात जास्त उघडा पडतो. सुक्या पानांचे ढीग अंगणात किंवा गोठ्याला लागून रचू नका. रानातल्या गोचिडी डोक्यावरून घरी येण्याचा हा सगळ्यात सोपा रस्ता.

मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, काठीनेही हलवू नका, पुरू नका, कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नका. वन विभाग, पशुवैद्यकीय दवाखाना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, ज्यांचा फोन आधी लागेल त्यांना नेमकी जागा कळवा. ते संरक्षक पोशाख घालून नमुने घेतात, शव जाळतात आणि साधारण ५० मीटरच्या परिघात कीटकनाशकाची भुकटी मारतात. तोवर आणि त्यानंतरही काही आठवडे तिथे बिया वेचू नयेत, गुरं सोडू नयेत. हंगामात हे अवघड आहे, एका बागेचा हिशोबच बिघडतो, हे मान्य. पण गावाने मिळून तेवढा तुकडा दोरी बांधून बंद ठेवावा.

माकडांना मारणं किंवा फटाके लावून पळवून लावणं मात्र आजाराला मदत करतं. बिथरलेला कळप पलीकडच्या गावात जातो, अंगावरच्या गोचिडींसकट. आणि माकडच उरलं नाही तर विषाणू आल्याची आगाऊ खबर देणारं रानात कुणी उरत नाही.

ताप आला तर

गोचीड चावल्यापासून ३ ते ८ दिवसांत ताप येतो. एकदम येतो, जोराचा येतो. कपाळात कळा, अंगदुखी, डोळे लाल, उलट्या, जुलाब. काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. तपासणीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी दिसतात, रक्तदाब घसरतो. कोकणात हे चित्र डेंगी आणि लेप्टोशी सहज गल्लत होण्यासारखं आहे. हंगाम इथे कामी येतो: लेप्टो मुख्यतः पावसाळ्यातला, माकडताप थंडी-उन्हाळ्यातला. पण डॉक्टर अंदाज करतील या भरवशावर राहू नका. स्वतःहून तीन गोष्टी सांगा: गेल्या दहा दिवसांत कुठल्या रानात किंवा बागेत गेलात, तिथे माकड मेलं होतं का, आणि अंगावर गोचीड सापडली होती का.

पहिल्या काही दिवसांत रक्ताच्या आरटी-पीसीआर तपासणीत विषाणू सापडतो. साधारण पाचव्या दिवसापासून आयजीएम प्रतिपिंडांची तपासणी उपयोगी पडते. म्हणून ‘बघू दोन दिवस’ करत आठवडा घालवला तर निदानाची सोपी वेळ निघून जाते.

विषाणूवर थेट चालणारं औषध नाही. उपचार म्हणजे पाणी आणि सलाइनचा तोल, रक्तदाब आणि प्लेटलेटवर लक्ष, गरज पडल्यास रक्तघटक. तापाला पॅरासिटामॉल, ठरलेल्या मात्रेतच. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या किंवा इंजेक्शनं अंगदुखीसाठी घेऊ नका; रक्तस्राव वाढू शकतो. काळी शौच, थांबत नसलेलं रक्त, गुंगी, लघवी कमी होणं यातलं काहीही दिसलं तर तडक मोठ्या रुग्णालयात.

बहुतेक जण एक-दोन आठवड्यांत बरे होतात, अशक्तपणा मात्र महिनाभर रेंगाळतो. शंभर रुग्णांत साधारण ३ ते ५ दगावतात. आणखी एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवायची. दहा ते वीस टक्के रुग्णांत ताप उतरतो, आठवडा-दोन आठवडे बरे जातात आणि ताप पुन्हा उलटतो. या दुसऱ्या फेरीत असह्य डोकेदुखी, मान ताठ होणं, हात थरथरणं, दृष्टी अंधुक होणं अशी मेंदूची लक्षणं असतात. ताप गेला म्हणून लगेच बागेत परत जाणाऱ्या माणसाला हीच फेरी गाठते.

लसीबद्दल अजूनही विचारणा होते. कर्नाटकात १९९० पासून एक लस दिली जायची. एक महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, मग दरवर्षी. बूस्टर चुकला की संरक्षण झपाट्याने कमी व्हायचं. परिणाम अपुरा ठरल्याने ती २०२२ मध्ये थांबवली गेली आणि नव्या लसीवर काम सुरू आहे. तूर्त भरवसा तेल, मोजे आणि चिमट्यावरच.

पावसाळ्यातलं काम

डिसेंबरमधल्या निम्फ कमी करायच्या तर पावसाळ्यात गुरांवर पोसल्या जाणाऱ्या प्रौढ माद्या आधी रोखायला हव्यात. हे काम आरोग्य विभागाच्या हातात नाही, पशुपालक आणि पशुवैद्य यांच्या हातात आहे, आणि म्हणूनच ते मागे पडतं.

जून ते सप्टेंबर गुरांचे कान, गळपट्टी, कास आणि शेपटीखालची जागा आठवड्यातून एकदा हाताने चाचपा, हातमोजे घालून. गोचिडी दिसल्या तर पशुवैद्यांना दाखवून औषध ठरवा. पाठीवर ओतायचं १ टक्का फ्लुमेथ्रिन वापरात आहे; मात्रा दर १० किलो वजनाला १ मिली, मानेपासून शेपटीपर्यंत कण्यावर एका रेषेत. २५० किलोच्या गाईला २५ मिली. ‘थोडंसं पुरे’ म्हणून निम्मं ओतलं तर अर्ध्यामुर्ध्या डोसाला गोचिडी सरावतात. भर पावसात ओतू नका. अंग कोरडं असताना ओता. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं असेल तर दूध किती दिवस वापरायचं नाही हे पशुवैद्यांकडून विचारून घ्या. एका घराने केलं आणि शेजारच्याने नाही, तर त्याच वाटेवर पुन्हा माद्या गळणारच. एका वाटेने चरायला जाणाऱ्या सगळ्या गुरांना एकाच आठवड्यात औषध झालं पाहिजे.

आणि गुरांच्या अंगावरून काढलेल्या फुगलेल्या गोचिडी गोठ्यात चिरडू नका, उकिरड्यावर टाकू नका. एका डब्यात साबणाचं दाट पाणी घ्या, त्यात टाका, झाकण लावा, आणि दुसऱ्या दिवशी डबा चुलीत रिकामा करा.